कॉलिनाइट ८४५ वॅक्स: तकाकी धरून ठेवण्यात चोख, पण रंग आधी तयार हवा

गाडीच्या रंगावर स्वतःच्या हाताने लावता येईल, पावसाळ्याचा बराचसा मार सोसेल आणि एकदा घेतलेली बाटली चार-पाच वर्षं पुरेल असं वॅक्स हवं असेल, तर कॉलिनाइट ८४५ बिनधास्त घ्या. मात्र जुन्या, निस्तेज, जाळीदार ओरखडे पडलेल्या रंगावर हे चोपडून आरसा मिळेल अशी अपेक्षा असेल तर पैसे वाया जातील. तयार झालेली तकाकी धरून ठेवणं हे या वॅक्सचं काम. ती तकाकी आणायचं काम त्याआधी, वेगळ्या वस्तूंनी करावं लागतं. म्हणून हे परीक्षण निम्मं बाटलीचं आहे आणि निम्मं बाटली उघडण्याआधीच्या तयारीचं.

आधी वस्तू काय आहे ते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावची ही कंपनी. ८४५ ची बाटली १६ औंसांची, म्हणजे ४७३ मिलीची. नावात ‘इन्सुलेटर वॅक्स’ असं येतं, आणि त्याला कारण आहे: विजेच्या वाहिन्यांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरसाठी हे वॅक्स वापरलं जाई. इन्सुलेटरवर धूळ आणि खारं वारं बसतं, त्यावर दव पडलं की त्या ओल्या थरावरून वीज सरपटायला लागते. कोकणपट्टीत राहणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. पाणी आणि घाण पृष्ठभागाला चिकटूच नये ही तिथली गरज आणि गाडीच्या टपावरची गरज एकच आहे.

आत कार्नौबा मेण, त्याच्या जोडीला पॉलिमर आणि हे सगळं पातळ ठेवणारं पेट्रोलियम सॉल्व्हंट. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर जमणारं मेण. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नौबाला ८० च्या वर तापमान लागतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा टप ७० अंशांच्या आसपास सहज जातो, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. नुसतं कार्नौबा असलेली डबीतली वॅक्स दिसायला सुंदर असतात, पण आपल्याकडच्या उन्हापावसात महिन्या-दीड महिन्यात उतरतात. ८४५ मधला पॉलिमरचा भाग ती उणीव भरून काढतो.

बाटली उघडली की रॉकेलच्या जवळ जाणारा वास येतो. ज्यांना हा वास सहन होत नाही त्यांनी आधीच विचार करावा. काम मोकळ्या हवेत करायचं आणि आसपास काडी, सिगारेट, गॅस काही नको.

तकाकी येते कुठून

हे समजलं नाही तर कुठलंही वॅक्स लावा, पदरी निराशाच पडते. आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून सगळी जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर सगळी चमक उभी आहे तो केसापेक्षाही पातळ. हा थर सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परत येतो आणि रंग खोल दिसतो. त्यावर हजारो बारीक ओरखडे असतील तर प्रकाश विखुरतो आणि काळी गाडी करडी दिसायला लागते.

हे ओरखडे येतात कुठून? बहुतेक वेळा रोज सकाळी गाडी पुसण्यातून. एक बादली, एक फडकं, त्याच पाण्यात दहा गाड्या. आदल्या दिवशी बसलेली धूळ न धुता त्या फडक्याने गोल-गोल फिरवली की पॉलिश पेपरने घासल्यासारखंच होतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च बोनेटवर फूटभर अंतरावरून धरा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसली तर कारण हेच. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीत ती लपतात, काळ्या, गडद निळ्या आणि मरून रंगात लपत नाहीत.

८४५ ही वर्तुळं बुजवत नाही. फार तर अगदी बारीक रेषा थोड्या मऊ दिसतात. बाजारातली बरीच ‘चमक देणारी’ पॉलिशं तेलं आणि भराव घालून ओरखडे झाकतात आणि दोन धुण्यांत ते पुन्हा वर येतात. त्यापेक्षा जे आहे ते दाखवणारं वॅक्स आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतं.

तयारी

धुण्यापासून सुरुवात. गाडी सावलीत, पत्रा थंड. उलटा हात बोनेटवर ठेवला आणि गरम लागला तर थांबा. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेने धूळ उतरवायची, फडकं लावायचं नाही. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात पिळून काढायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली यायचं. दाराच्या खालच्या पट्ट्या आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण वाळू तिथेच असते. भांड्यांचा साबण नेहमीच्या धुण्यात वापरू नका. त्याने वॅक्स लवकर कमजोर होतं, आणि काळ्या रबराच्या पट्ट्याही कोरड्या पडतात.

धुऊन झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोनेटवरून बोटं फिरवा. पिशवीमुळे स्पर्श जास्त जाणवतो. गुळगुळीत दिसणारा पत्रा खरखरीत लागेल. ही खरखर म्हणजे क्लिअर कोटमध्ये रुतलेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, दुसऱ्याच्या रंगकामाचे उडालेले तुषार. मुंबईत रेल्वेमार्गाला लागून उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीच्या डिकीवर नारिंगी बारीक ठिपके दिसतात, ते चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेलं लोखंड गंजून झालेले असतात. लोक तो गाडीचाच गंज समजून घाबरतात.

त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. ओल्या नाही, निथळलेल्या पत्र्यावर फवारायचा, तीन ते पाच मिनिटं थांबायचं. लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो, तो तसाच असतो. वाळू द्यायचा नाही, भरपूर पाण्याने धुवायचा. डांबर टार रिमूव्हरने. रॉकेलनेही निघतं, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि तो पुन्हा धुवावा लागतो.

उरलेली खरखर क्लेने, म्हणजे रुतलेली घाण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या गोळ्याने निघते. ५०-६० ग्रॅमचा गोळा असतो, त्यातला निम्मा तोडून घ्या, हातात मळून चपटा करा. शाम्पूच्या पाण्याने पत्रा सतत निसरडा ठेवून, जोर न लावता, सरळ रेषेत पुढे-मागे. सुरुवातीला क्ले अडखळतो आणि बारीक आवाज येतो, घाण निघाली की लोण्यासारखा सरकतो. दर दोन-चार फुटांना घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या. धुऊन वापरायचा मोह होतो, पण त्यात रुतलेला एकच खडा बोनेटभर रेघ ओढतो.

आता पॉलिश. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे घाई नको. सर्व्हिसिंगला गाडी गेली की ‘रबिंग-पॉलिश करून देऊ का’ असं विचारतात. गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनवर लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंड (रंग घासणारी भरड पेस्ट) लावून अर्ध्या तासात गाडी चमकवतात. घरी आणल्यावर उन्हात बघा: मशीन जिथून फिरलं तिथे पंख्याच्या पात्यांसारख्या सावल्या हलताना दिसतात. शिवाय प्रत्येक रबिंगमध्ये क्लिअर कोट उतरतो. सौम्य पॉलिशने मायक्रॉन-दोन मायक्रॉन, जाड कंपाउंडने त्याच्या कितीतरी जास्त. बोनेटच्या घड्या आणि दारांच्या कडा यांवर थर मुळातच पातळ असतो, रंग पहिल्यांदा तिथेच उघडा पडतो. क्लिअर कोट गेला की तो पॉलिशने परत येत नाही, पत्रा पुन्हा रंगवावा लागतो.

त्यापेक्षा ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, म्हणजे पॅड फिरवतानाच छोट्या वर्तुळात डोलवणारं मशीन घ्या किंवा भाड्याने आणा. १५ मिमी फेकीचं (म्हणजे डोलण्याचा घेर तेवढा असलेलं) मशीन, ५ इंची प्लेट, त्यावर साडेपाच इंची फोम पॅड. मशीन हातात नवीन असेल तरी याने रंग जाळणं अवघड आहे, हा त्याचा मोठा गुण. मेग्वायर्सचं अल्टिमेट पॉलिश किंवा एम२०५ यातलं एक पुरे. पॅडवर मटाराएवढे चार थेंब. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग. आधी मशीन बंद ठेवून थेंब टेकवून पसरायचे, मग वेग १ वर दोन सेकंद, मग ४ किंवा ५ वर. हात सावकाश, सेकंदाला साधारण एक इंच, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे. पॅड सपाट टेकलेला हवा, कलंडला की फिरणं थांबतं आणि नुसताच थरथरतो. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसत नसेल तर दाब जास्त पडतोय.

पूर्ण गाडीवर जाण्याआधी बोनेटचा एकच चौकोन करून टॉर्चखाली बघा. सौम्य पॉलिशने काम भागत असेल तर जाड कंपाउंडला हात लावू नका. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशने जाणार नाही. तो मागे ठेवूनच पुढे जायचं. शंभर टक्के ओरखडे काढायच्या हट्टापायी क्लिअर कोट खाऊन टाकणं शहाणपणाचं नाही. सत्तर-ऐंशी टक्के निघाले तरी गडद रंग ओळखू येत नाही इतका खोल दिसतो.

शेवटी पॉलिशचं तेल पुसून काढायचं. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तितकंच आरओचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत घाला, फडक्यावर फवारून पत्रा पुसा. ही पायरी टाळली तर वॅक्स पॉलिशच्या तेलावर बसतं आणि ‘महिन्यात उतरलं हो’ अशी तक्रार येते. त्यात बाटलीचा दोष नसतो.

८४५ लावताना

हे वॅक्स फार कमी लागतं. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तर निम्म्या अडचणी येतच नाहीत. फोमच्या गोल अ‍ॅप्लिकेटरवर एक रुपयाच्या नाण्याएवढं घ्या, तेवढ्यात निम्मं बोनेट होतं. पत्र्यावर नुसतं धुकं दिसलं पाहिजे, साय नाही. पांढरा जाड थर दिसत असेल तर प्रमाण तिप्पट झालंय. पहिल्यांदा अ‍ॅप्लिकेटर कोरडा असतो, तेव्हा थोडं जास्त जाईल, नंतर थेंबभर पुरतं. लहान हॅचबॅकला १५ मिली, सेडान किंवा छोट्या एसयूव्हीला २०, इनोव्हाच्या आकाराच्या गाडीला २५-३० मिली. या हिशेबाने एका बाटलीत वीसेक वेळा गाडी होते. वर्षातून चारदा लावलं तरी पाच वर्षं.

वापरण्याआधी बाटली नीट हलवा, अगदी मिनिटभर. थंडीत ८४५ घट्ट होतं. डिसेंबरच्या सकाळी नाशिकला किंवा महाबळेश्वरला बाटली उलटी केली तरी काही बाहेर येणार नाही. वॅक्स खराब झालेलं नसतं. झाकण घट्ट लावून बाटली दहा मिनिटं कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करा, हलवा, पुन्हा पातळ होतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आत सॉल्व्हंट आहे.

वाळायला किती वेळ द्यायचा हे हवेवर आहे. खूण सोपी: बोटाने हलकी रेघ ओढा. रेघ स्वच्छ निघाली तर पुसा, तेलकट फरफटली तर थांबा. डिसेंबर-जानेवारीत दहा-पंधरा मिनिटं लागतात. एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दोन-तीन मिनिटांत तयार होतं, त्यामुळे तिथे एक भाग लावायचा आणि लगेच पुसायचा, अख्खी गाडी माखून मग पुसायला घ्यायची नाही. पहाटे सहाला सुरुवात केलेली उत्तम. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत हवा इतकी ओली असते की सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो आणि पुसल्यावरही काळ्या रंगावर तेलाचे ढग राहतात. तासाभराने दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुन्हा हात फिरवला की ते जातात.

पुसायला ३०० ते ४०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) मायक्रोफायबर. चौघडी करा म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या फडक्याने वॅक्स उचलायचं, दुसऱ्याने झळाळी आणायची. फडकी वेगळी धुवा, सुती कपड्यांबरोबर नाही, आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको. ते तंतूंवर बसतं आणि फडकं पुसायच्या ऐवजी सारवायला लागतं.

दुसरा हात द्यायचा असेल तर बारा ते चोवीस तासांनी. दुसऱ्या हाताने चमक वाढत नाही. पहिल्या हातात सुटलेल्या जागा भरतात आणि थर एकसारखा होतो, तेवढ्यासाठी तो द्यावा. तिसरा, चौथा हात म्हणजे नुसती मेहनत.

चुका आणि त्यावरचे उपाय. जाड लावून उन्हात वाळलं आणि आता निघत नाही? घासू नका. त्याच जागी पातळसा नवा हात फिरवा, त्यातलं सॉल्व्हंट खालचं वॅक्स मऊ करतं, लगेच पुसून घ्या. काळ्या खडबडीत प्लास्टिकवर लागलं? या वॅक्सचा हा सगळ्यात त्रासदायक भाग आहे. आपल्याकडच्या छोट्या एसयूव्हींना चाकांभोवती आणि दारांखाली काळं क्लॅडिंग असतं, त्याच्या छिद्रांत वॅक्स शिरलं की पांढरे डाग पडतात आणि धुऊन जात नाहीत. आधीच मास्किंग टेप लावून घ्या, वीस मिनिटांचं काम आहे. डाग पडलाच तर ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात मिसळून जुन्या टूथब्रशने घासा. समोरच्या काचेवर लावू नका, वायपर अडखळत चालतात आणि रात्री पावसात काचेवर पट्टे दिसतात. मॅट रंगावर कोणतंच चमकवणारं वॅक्स चालत नाही, हेही नाही.

गाडी नुकतीच कुठे रंगवून आणली असेल तर त्या भागावर दोन-तीन महिने थांबा. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजला जातो, म्हणून कोऱ्या गाडीला थांबायची गरज नाही. गॅरेजमधल्या बूथमध्ये साधारण ६० अंशच देतात, कारण वायरिंग आणि प्लास्टिक जागेवर असतं. त्या रंगातलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत राहतं, वरून वॅक्सचा थर दिला तर ते अडतं आणि रंग मऊ राहतो.

टिकतं किती

झाकलेल्या पार्किंगमध्ये उभी राहणारी, पंधरवड्याला व्यवस्थित धुतली जाणारी गाडी असेल तर पाच-सहा महिने. दिवसभर उन्हात, रात्री रस्त्यावर आणि त्यातून पावसाळा, तर तीन ते चार महिने धरून चाला. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक हात आणि दसऱ्याच्या आधी एक हात, एवढं जमलं तरी गाडीत फरक दिसतो. रोज अंगावर फडकं पडत असेल तर यातलं काहीच लागू नाही, महिन्याभरात ते घासून निघून जातं.

उतरलं हे कसं कळतं? ताजं असताना पाणी टपावर गोल, घट्ट, मोत्यासारखे थेंब धरतं आणि गाडी चालायला लागली की मागे पळतं. थेंब चपटे व्हायला लागले, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या की वॅक्स सरत आलं. पाणी चादरीसारखं पसरून तिथेच बसलं की संपलं. टप आणि बोनेट आधी जातात, दारं महिनाभर उशिरा. सगळी गाडी करायला वेळ नसेल तर मधल्या काळात टप-बोनेट तेवढं करून घ्या.

या थेंबांची एक दुसरी बाजू आहे, ती कुणी सांगत नाही. पाणी बोअरचं किंवा टँकरचं जड असेल तर प्रत्येक थेंब वाळताना आपल्यातला चुना एका ठिपक्यात गोळा करतो. वॅक्स लावलेल्या गाडीवर असे पांढरे गोल ठिपके जास्त ठळक दिसतात. म्हणून धुतल्यावर गाडी वाऱ्यावर वाळू द्यायची नाही, मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने लगेच टिपून घ्यायची. ताजे ठिपके पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने मिनिटभर ठेवले की जातात, नंतर भरपूर पाणी. तिथलं वॅक्स कमजोर होतं, पुन्हा हात द्यावा लागेल. ठिपका खड्ड्यासारखा बोटाला लागत असेल तर चुन्याने रंग खाल्लाय, मग पॉलिशच.

पक्ष्यांची विष्ठा ८४५ वरही रंग खाते, फक्त उशिरा. वॅक्सने काही तास मिळतात, दिवस नाही. उन्हात क्लिअर कोट मऊ होतो आणि वाळणारी विष्ठा आकसताना त्याला ओढते, डागाची कडा उमटते ती तिथेच. ओला टिश्यू पाच मिनिटं झाकून ठेवा आणि उचलून घ्या, पुसू नका. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत काचेवर-बोनेटवर चिकट बारीक थेंब दिसतात. तो तुडतुड्यांचा चिकटा असतो, साखरच ती, कोमट शाम्पूच्या पाण्याने वॅक्सवरून अलगद सुटते. वॅक्स नसेल तर त्यावर धूळ बसून काळा थर होतो.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, तेव्हा हे वॅक्स खरं कामाला येतं. बोनेटवर ओल्या हळदीचं स्वस्तिक काढलं की पांढऱ्या गाडीवर पिवळा डाग राहतो. खाली वॅक्स असेल तर संध्याकाळी शाम्पूने बहुतेक निघून जातो आणि उरलेला फिकटपणा दोन-चार दिवसांच्या उन्हात उडतो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. झेंडूचा हार मात्र तसाच ठेवून गाडी हायवेला काढू नका. दोरा आणि देठ वाऱ्याने ग्रिलच्या वरच्या कडेवर तासभर घासत राहतात आणि तिथे धुरकट पट्टा उमटतो. मिरवणुकीतला गुलाल बसला असेल तर कोरडा झटकायचा नाही, आधी पाण्याच्या धारेने उडवायचा.

बाकीच्या पर्यायांच्या तुलनेत

मेग्वायर्सचं अल्टिमेट लिक्विड वॅक्स हाही ४७३ मिलीच्या बाटलीत येणारा चांगला पर्याय आहे. ते कृत्रिम पॉलिमरवर आधारलेलं आहे, काळ्या प्लास्टिकवर पांढरं धरत नाही आणि पुसायला ८४५ पेक्षा हलकं जातं. क्लॅडिंग भरपूर असलेली गाडी असेल आणि टेप लावायचा कंटाळा असेल तर तेच घ्या. टिकण्यात आमचं माप ८४५ कडे झुकतं. फॉर्म्युला १ चं डबीतलं कार्नौबा वॅक्स कुठल्याही गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतं आणि लाल-मरून रंगावर उबदार झाक देतं, पण ते महिन्या-दीड महिन्याचं पाहुणं. ज्यांना रविवारी गाडीपाशी रमायला आवडतं त्यांना तेही चालेल.

सिरॅमिक कोटिंग हा वेगळा गट. सिलिकाचा थर क्लिअर कोटला घट्ट धरतो, वर्ष-दोन वर्षं किंवा जास्त टिकतो, शाम्पूने हलत नाही. ज्यांना दर तीन महिन्यांनी हात मळवायचे नाहीत त्यांनी तो जरूर करावा. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचं माप आहे, दगडधोंड्यांपासून रक्षण करण्याचं नाही. कोटिंग केलेल्या गाडीवर मळकं फडकं फिरलं तर ओरखडे येतातच. आणि कोटिंगखाली जे ओरखडे बंद झाले ते काढायचे तर कोटिंगसकट घासावं लागतं. वर सांगितलेली तयारी तिथेही तेवढीच लागते, किंबहुना जास्त. कोटिंग केलेल्या गाडीवर ८४५ लावू नका, कोटिंगचा पाणी झटकण्याचा गुण झाकला जातो.

शोरूममध्ये नव्या गाडीबरोबर ‘टेफ्लॉन कोटिंग’ गळ्यात मारतात त्याला साफ नाही म्हणा. टेफ्लॉन पृष्ठभागाला धरायला साडेतीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं, तव्याला ते चालतं, रंगाला नाही. त्या पैशांत शाम्पू, क्ले, फडकी आणि चांगलं वॅक्स हे सगळं येतं.

८४५ आयात होऊन येतं, त्यामुळे किंमत विक्रेत्यागणिक बरीच बदलते आणि मधूनमधून माल नसतो. तीन-चार ठिकाणी बघून घ्या. झाकणाचं सील शाबूत आहे का तपासा. सॉल्व्हंट उडालेली बाटली घट्ट होते आणि ती कोमट पाण्यानेही नीट सुटत नाही. वापरल्यावर झाकणाच्या आट्यांत अडकलेलं वॅक्स पुसून मगच बंद करा, नाहीतर ते तिथे वाळतं आणि झाकण पुरतं बसत नाही.

गाडी करून झाल्यावर अ‍ॅप्लिकेटरमध्ये जे उरतं ते फेकू नका. दारं उघडून चौकटीच्या आतल्या कडा, डिकीच्या झाकणाची खालची बाजू, पेट्रोलच्या झाकणामागची वाटी आणि अलॉय व्हीलची आतली बाजू यांवर फिरवा. दारांच्या आतल्या कडांना ऊन लागत नाही, तिथे ते वर्षभर राहतं. अलिबाग, मालवण, पणजीसारख्या खाऱ्या हवेत दाराच्या खालच्या कडेला जे पहिले फोड येतात, त्यांना लांब ठेवायला हा उरलेला हात फार उपयोगी पडतो.